शेवटचं कुणी उघडलं होतं?

घड्याळजी : सही करणार नाही, असं मी म्हटलेलंच नाही, जावईबापू. मी म्हटलं, आधी बिघाड दाखवा.

जावई : बिघाड काय दाखवायचा, मामा? झालं ते झालं. पतसंस्थेचं ऑफिस संध्याकाळी बंद होतं. आज कर्जाचा कागद गेला नाही तर प्रकरण पुढच्या आठवड्यावर जाईल. आणि फोटोग्राफरला मी उद्याचा शब्द दिलाय.

घड्याळजी : शब्द देताना मला विचारलंत? गाळा माझा, सही माझी, शब्द तेवढा तुमचा.

लेक : बाबा, जेवण झाल्यापासून हेच चाललंय. मी अर्धी रजा टाकून आलेय ती तुमची जुगलबंदी ऐकायला नाही. सही करायची असेल तर करा, नसेल करायची तर तसं सांगा. आम्ही आपलं सामान बांधायला घेतो.

घड्याळजी : सामान बांधायची भाषा कसली? कुठे निघालात?

लेक : ह्याला ती नोकरी आलीये ना बाहेरगावी. खुर्ची, पंखा, महिन्याच्या महिन्याला पगार. फोटोग्राफरचे भरपाईचे पैसे दिले नाहीत तर तो ह्याला कोर्टात खेचणार. म्हणजे दुकान बंद. दुकान बंद झालं तर जावंच लागेल, इथे बसून काय करायचं?

घड्याळजी : आणि मी?

लेक : तुम्हीपण चला म्हणतोय की आम्ही.

घड्याळजी : मला कुंडीसारखं उचलून कुठेही ठेवता येत नाही, चिमे. अख्खी हयात ह्या गाळ्यात गेली माझी. बाहेरच्या पाटीवर ‘कॉम्प्युटर’ लिहिलंय ना, त्या रंगाखाली अजून ‘घड्याळ’ दिसतं. ऊन तिरपं आलं की वाचता येतं.

जावई : मामा, कागद तुम्ही भिंग लावून वाचलात. दोनदा वाचलात. त्यात काही खटकलं का?

घड्याळजी : कागदात काही नाही खटकलं. व्याज जास्त आहे, पण ते त्यांचं पोट आहे. पहिलं कर्ज ह्याच गाळ्यावर, आता हे दुसरंही त्याच्यावरच. हप्ते थकले की गाळा गेला. स्वच्छ लिहिलंय, फसवाफसवी नाही. मला खटकतायत ते तुम्ही.

जावई : मी?

घड्याळजी : तुम्हीच. मी एवढी वर्षं घड्याळं दुरुस्त केली. घड्याळ बंद पडलं म्हणून कुणी आणून दिलं की मी काय विचारायचो?

लेक : ‘शेवटचं कुणी उघडलं होतं?’ लहानपणापासून ऐकतेय.

घड्याळजी : बरोबर. किती महागाचं आहे ते नंतर. कुणाच्या हातात होतं, कसं पडलं, तेही नंतर. आधी शेवटचं कुणी उघडलं होतं? कारण बिघाड जिथे झाला तिथेच सापडतो. तो सापडल्याशिवाय मागचं झाकण मी कधी लावलं नाही. नुसतं तेल सोडून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवणारे पुष्कळ आहेत. ते तिसऱ्या दिवशी परत बंद पडतं.

जावई : हे घड्याळ नाही, मामा.

घड्याळजी : घड्याळ नाही, तेच म्हणतो. घड्याळ असतं तर मी स्वतः उघडून बघितलं असतं. फोटोग्राफरच्या त्या डिस्कमधलं मला काय कळणार? म्हणून तुम्हाला विचारतो, तर तुम्ही आपले ‘झालं ते झालं’. तुमच्या धंद्यासाठी माझा लेथ विकला तेव्हा मी विचारलं नाही. ठेव मोडली तेव्हा विचारलं नाही. हा गाळा पहिल्यांदा गहाण टाकला तेव्हाही विचारलं नाही. उलट मीच तुमच्या मागे लागलो होतो.

जावई : ते मी कधी विसरलेलो नाही. मी कामाला होतो ते सर्व्हिस सेंटर बंद पडलं तेव्हा मी घरात तोंड लपवून बसलो होतो. तुम्हीच म्हणालात, माझं शटर वर करा आणि बसा.

घड्याळजी : मग आता एवढं सांगायला काय होतं? बाजारात मला लोक विचारतात, ‘काय हो, जावयानं लग्नं पुसली म्हणे?’ मी काय सांगू? तीन घरांची लग्नं होती त्या डिस्कवर. सगळी पुसली गेली.

जावई : सगळी नाही. बरीच परत काढली मी. आठवडाभर तेच करत होतो.

लेक : काढली, पण काय काढलं! एका लग्नातले जेवणारे सगळे सापडले, नवरी कुठे दिसत नाही. दुसऱ्यात नुसत्या चपला. हॉलबाहेरच्या चपलांचे फोटो कशाला काढतात लोक?

घड्याळजी : हसू नकोस, चिमे. त्यांच्या घरी काय रडारड झाली असेल.

लेक : मी कुठे हसतेय? हसण्यासारखं काही राहिलंय का ह्या दुकानात? सबंध सकाळ झाली, एक गिऱ्हाईक आलं, तेपण आपलं मशीन परत न्यायला. उघडलेलं, अर्धवट. ‘राहू द्या, आम्ही दुसरीकडे बघतो.’

घड्याळजी : म्हणूनच म्हणतो, मला नीट, पहिल्यापासून सांगा. कुठे चुकलं ते. तुम्ही तुमचा हलगर्जीपणा माझ्यासमोर कबूल करा, तो पुन्हा होणार नाही ह्याची मला खात्री पटू द्या, मी ह्या क्षणी सही करतो. चहा पिणार? मी सांगून येतो. तोवर तुम्ही मनाशी जुळवून ठेवा.

लेक : फोन करा की चहावाल्याला. टपरीपर्यंत कशाला जाताय?

घड्याळजी : पाय मोकळे होतात. पण जावईबापू, मी येईपर्यंत टेबलावरचे ते स्क्रू तेवढे डबीत भरा. सुटा जिन्नस टेबलावर बघवत नाही मला.

(घड्याळजी चहा सांगायला बाहेर जातात.)

लेक : सांगून टाक.

जावई : नाही.

लेक : अरे, सांगून टाक त्यांना! स्वतःच मागे लागलेत. तुझ्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय सही करणार नाहीत.

जावई : मग माझाच हलगर्जीपणा झाला म्हणून सांगतो. सही झाल्याशी कारण.

लेक : म्हणजे परत तूच! फोटोग्राफरसमोर बाबा तुला काय काय बोलले, आठवतंय? ‘ह्याला शिस्त नाही, मी सांगून सांगून थकलो, रोज ह्याचं टेबल मी आवरतो.’ तू मान खाली घालून उभा. मी त्या काउंटरच्या आड उभी होते, माझा जीव नुसता तळमळत होता. रोज टेबल आवरतात, हेच तर झालं ना!

जावई : हळू बोल.

लेक : हळूच बोलतेय. त्याची डिस्क रिकाम्या डिस्कांच्या खोक्यात कुणी ठेवली? त्यांनी. रविवारी. आपण तुझ्या भावाकडे गेलेलो असताना. सोमवारी आल्या आल्या मला काय म्हणाले होते, ‘काल दुकान लख्ख केलंय, जावयाला सांग, जिन्नस कसे लावायचे ते बघून ठेवा.’ तेव्हा मला काय माहीत त्यात काय लावलंय ते!

जावई : त्यांना तरी काय माहीत? त्यांच्या धंद्यात टेबल रिकामं करूनच उठायचं. एखादं चाक खाली पडलं तर आयुष्यभर सापडत नाही. त्यांनी त्यांच्या हिशेबानं बरोबरच केलं. मोठ्यात मोठी, लहानात लहान.

लेक : बरोबर केलं तर सांगायला काय हरकत आहे?

जावई : तू त्यांची मुलगी आहेस, तुला मी सांगायचं? त्यांनी घड्याळाचं दुकान बंद का केलं?

लेक : मोबाइल आले म्हणून.

जावई : असं ते सांगतात. हात कापायला लागले म्हणून बंद केलं. स्क्रू सुटायचे हातातून. मला एकदा स्वतः म्हणाले. मग आई गेल्या. त्यानंतर रोज इथे येऊन बसायचे, अर्धं शटर ओढून, दिवा न लावता. आपण न्यायला यायचो.

लेक : ते कशाला काढतोस आता?

जावई : काढतो, कारण आता बघ त्यांना. सकाळी आपल्या आधी तयार. किल्ली खिशात. मी मागितली तर देत नाहीत, शटर स्वतः उघडणार. गिऱ्हाइकाला सांगतात, ‘आमच्याकडे जिन्नस इकडचा तिकडे होत नाही.’ एवढंच राहिलंय त्यांच्याजवळ. तेही काढून घेऊ? कशासाठी, मी चांगला ठरावा म्हणून?

लेक : आणि तू जन्मभर वाईट ठरलेला चालेल?

जावई : मी अगदी धुतल्या तांदळासारखा आहे असंही नाही. पुसायच्या आधी डिस्कमध्ये काय आहे ते बघायला हवं होतं. घाई होती, नाही बघितलं. त्यामुळे खोटं बोलायचंच नाहीये मला. अर्धं आहे, ते पूर्ण म्हणायचं.

लेक : तू फार चांगला आहेस, आणि मला त्याचा फार राग येतो.

जावई : आले ते. स्क्रू भर डबीत.

घड्याळजी : बिनसाखरेचा एक सांगितलाय, दोन साखरेचे. चहावाला विचारतो, ‘दुकान विकताय का?’ म्हटलं, तू कप धू आधी. हं, बोला. जुळवलंत?

जावई : जुळवायचं काय त्यात? चूक माझीच आहे, मामा. हलगर्जीपणा झाला. मी घाईत काम करतो, जिन्नस जागेवर ठेवत नाही, तुम्ही बोलता ते खरं आहे. पुन्हा होणार नाही.

घड्याळजी : हे तुम्ही पाठ केल्यासारखं बोलताय.

जावई : मनापासून बोलतोय.

घड्याळजी : मनापासूनच असेल. पण हा बिघाड नाही झाला. ‘माझं घड्याळ मागे पडतं’ असं गिऱ्हाईक सांगतं, तसं झालं हे. का मागे पडतं ते सांगा. फोटोग्राफरचं मशीन आलं कधी?

लेक : बाबा, कबूल केलं ना त्यानं? आता सही करा.

घड्याळजी : तू थांब गं. कधी आलं?

जावई : शुक्रवारी.

घड्याळजी : काय झालं होतं?

जावई : पॉवर सप्लाय जळला होता. मशीन सुरू होत नव्हतं. डिस्क चांगली होती. तो म्हणाला, आधी फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा, मग मशीनकडे बघा. कॅमेऱ्याची कार्डं त्यानं पुढच्या लग्नांसाठी पुसून वापरलेली, त्यामुळे फोटो तेवढ्या डिस्कवरच.

घड्याळजी : मग उतरवलेत?

जावई : शनिवारी डिस्क बाहेर काढून लावली होती. थोडे फोटो गेले, तेवढ्यात वीज गेली. ती दुकान बंद होईपर्यंत आली नाही.

घड्याळजी : आठवतं. मेणबत्ती लावून मी शटर ओढलं होतं. मग डिस्क?

जावई : सोडवून टेबलावर ठेवली. इथे अंथरलेल्या ह्या हिरव्या रबरावर. म्हटलं, सोमवारी पुढचे फोटो उतरवू.

घड्याळजी : टेबलावर का? कपाट आहे की.

जावई : माझी सवय आहे ती. कपाटातलं म्हणजे सुरू न केलेलं, खोक्यातलं म्हणजे रिकामं, आणि रबरावर असेल ते अर्धवट. सर्व्हिस सेंटरला आम्ही सगळे तसंच करायचो. रबरावरच्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही.

घड्याळजी : हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत.

जावई : नाही बोललो. तीपण माझीच चूक.

घड्याळजी : बरं. सोमवारी काय झालं?

जावई : टायपिंगच्या क्लासची ऑर्डर होती. जुनी मशीनं चालू करून द्यायची, प्रत्येकात डिस्क टाकून. आपल्याला आलेली तेवढी एकच मोठी ऑर्डर. त्यांचा माणूस समोर येऊन बसला होता. मी खोक्यातल्या डिस्का घेतल्या, एकामागून एक पुसल्या आणि भरल्या. दुपारी फोटोग्राफरचं काम घ्यायला रबराकडे वळलो तर रबर रिकामं.

घड्याळजी : मग?

जावई : मग काय? शोधलं. सगळीकडे शोधलं. आणि शेवटी क्लासच्या एका मशीनमध्ये सापडली. वर सगळं नवीन भरलेलं.

घड्याळजी : मला सांगितलं नाहीत त्या दिवशी.

जावई : आधी फोटो परत निघतात का ते बघत बसलो.

घड्याळजी : ते बघणारच. पण जावईबापू, रबरावरची डिस्क खोक्यात चालत गेली काय?

जावई : मीच ठेवली असणार.

घड्याळजी : ‘असणार’ कशाला? ठेवली का नाही ठेवली?

जावई : ठेवली.

घड्याळजी : कधी?

लेक : बाबा, चहा येईल एवढ्यात, पोरगा आला का बघा बरं.

घड्याळजी : आला की हाक मारेल. कधी ठेवलीत?

जावई : शनिवारीच. निघताना.

घड्याळजी : शनिवारी निघताना तुम्ही पुढे, मी मागे. मेणबत्ती माझ्या हातात होती. मी टेबलाकडे बघून म्हटलं होतं, ‘हे आवरायचं राहिलं.’ तुम्ही म्हणालात, ‘राहू दे मामा, अंधार आहे.’ डिस्क रबरावरच होती.

जावई : मग सोमवारी सकाळी ठेवली असेल.

घड्याळजी : सोमवारी सकाळी मी शटर उघडलं, तुम्ही आलात, आणि क्लासचा माणूस तुमच्याबरोबरच आत शिरला. तुम्ही आल्या आल्या खोकं पुढे ओढलंत. मी इथे स्टुलावर बसलो होतो. रबराकडे तुम्ही वळलादेखील नव्हता. तेव्हा रबर रिकामं होतं.

जावई : मामा, आता कशाला एवढं उकरायचं? माझ्या हातून झालंय.

घड्याळजी : शनिवारी रबरावर. सोमवारी खोक्यात. मधे रविवार. रविवारी तुम्ही दोघं ह्यांच्या भावाकडे.

लेक : बाबा.

घड्याळजी : थांब, चिमे. किल्ली एकच आहे. तुम्ही दोघं माझी चेष्टा करता, म्हातारा झोपतानासुद्धा किल्ली सोडत नाही म्हणून. मग रविवारी खोकं शेवटचं कुणी उघडलं होतं?

लेक : बाबा, पाणी देऊ?

घड्याळजी : पाणी कशाला? मी काही पडलो नाही. रविवारी घरात करमेना म्हणून मी आलो. झाडलं. स्पिरिट लावून टेबल पुसलं. रबरावर एक डिस्क पडलेली होती. म्हटलं, बघा ह्यांचा वेंधळेपणा. उचलली. रुमालानं पुसली. खोक्यात तुमच्या डिस्का कशाही कोंबलेल्या होत्या, त्या सगळ्या काढून नीट लावल्या. मोठ्या मागे, लहान पुढे. कडा एका रेषेत आणल्या. बराच वेळ बघत उभा होतो मी. इतकं बरं वाटलं होतं मला.

जावई : मामा, तुम्ही ठेवलीत म्हणून काही झालं नाही. मी पुसली म्हणून झालं. पुसायच्या आधी आत काय आहे ते बघणं माझं काम होतं.

घड्याळजी : खोक्यात कधी भरलेली डिस्क असायची?

जावई : नाही.

घड्याळजी : मग का म्हणून बघाल? मी माझ्या पेटीतला स्क्रू कधी मोजून बघितला नाही. माझी पेटी, माझा भरवसा. तुमचं खोकं, तुमचा भरवसा. त्यात मी हात घातला.

लेक : तुम्हाला माहीत नव्हतं हो.

घड्याळजी : माझ्या घड्याळाला कुणी न विचारता हात लावला असता तर? ‘मला माहीत नव्हतं’ म्हणणाऱ्याला मी दुकानाच्या पायरीवरून खाली उतरवलं असतं. तुला माहीत होतं, चिमे?

लेक : हो.

घड्याळजी : आणि हे मला सांगणार नव्हते.

लेक : मी म्हणत होते सांग म्हणून. हा ऐकेना.

घड्याळजी : त्या फोटोग्राफरपुढे मी तुम्हाला हलगर्जी म्हटलं. बिनशिस्तीचे म्हटलं. चहावाल्याला सांगितलं, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला सांगितलं. अख्ख्या रस्त्याला मी सांगत फिरलो, जावईबापू. तुमचं नाव फोटोग्राफरनं नाही घालवलं, मी घालवलं.

जावई : तसं काही नाही.

घड्याळजी : तसंच आहे. इतके दिवस ऐकून घेतलंत ना? मग हेही ऐकून घ्या. मला लाज वाटते. फार वाटते. त्या कागदावर कुठे सही करायची?

जावई : मामा, आज नको. तुम्ही जरा शांत व्हा. पतसंस्थेचं सोमवारी बघू. फोटोग्राफरला मी सांगतो काहीतरी.

घड्याळजी : काय सांगणार? पुन्हा माझ्यासाठी काहीतरी खोटं? नको. आण गं तो कागद.

लेक : इथे फुली मारलीये बघा. आणि मागच्या पानावर एक. बाबा, भिंग घ्या ना. घाईघाईत करू नका.

घड्याळजी : भिंग कशाला? वाचून झालंय.

जावई : मामा, एकदा विचार करा. क्लासवाल्यानं पुढची ऑर्डर काढून घेतली. बाजारात आपल्याकडे कुणी येत नाही. हे पैसे फोटोग्राफरच्या घशात जाणार, त्यातून धंदा उभा राहणार नाही. हप्ते थकले तर तुमचा गाळा जाईल. मी तोंड उघडून मागितलं, कारण मला दुसरा मार्ग दिसेना. पण आता तुम्ही असे बसलेले बघून वाटतं, नको ती सही. नोकरी घेतो मी.

घड्याळजी : नोकरी घ्यायची तर डोक्यावर कोर्ट ठेवून जाऊ नका. आधी त्याचे पैसे द्या. मग राहायचं तर राहा, जायचं तर जा, मी अडवणार नाही. मी म्हटलं होतं ना, बिघाड सापडला की सही करतो? सापडला. पेन द्या.

लेक : हात टेकवा टेबलावर. हळू. हं. आता मागचं पान.

घड्याळजी : ही सही पतसंस्थेला चालेल का? पहिल्या सहीसारखी आली नाही.

जावई : चालेल, मामा. मी सांगेन त्यांना.

घड्याळजी : जा मग. बंद व्हायच्या आत पोचा. चहा मी पितो तिघांचा.

जावई : मी जाऊन येतो. मामा, तोवर टेबल आवरून ठेवता का? हे रॅम पडलेत, ही वायर, सगळं तसंच आहे. तुमच्यासारखं लावायला जमत नाही मला.

घड्याळजी : असू दे.

जावई : खरंच सांगतोय. आता मी तुम्हाला सांगितलंय ना, रबरावरचं तेवढं सोडायचं. बाकीचं सगळं तुम्हीच लावता.

घड्याळजी : समजलं मला तुम्ही का सांगताय ते. असू दे. तुम्ही ठेवलंय तसंच राहू दे. तुमचं टेबल आहे.

लेक : बाबा, असं काय करताय? रोजचं काम आहे तुमचं. ह्या वयात तुम्ही माउस धरायला शिकलात, पहिल्या दिवशी टेबल संपलं तरी बाण काही कडेला पोचेना. आम्ही किती हसलो होतो! आणि आता दोन वायरी गुंडाळत नाही म्हणता?

घड्याळजी : हसलो होतो खरं. धरा, जावईबापू.

जावई : हे काय?

घड्याळजी : किल्ली. शटरचा उजवा कोपरा अडकतो, तिथे जरा पायानं दाबायचं. उद्या तुम्हीच उघडा. मी जरा उशिरा उठेन म्हणतो.

लेक : उशिरा? तुम्ही आयुष्यात कधी उशिरा उठलायत, बाबा?

घड्याळजी : नाही. शिकेन आता.